पूर्वसमुद्राचीं बंदरें आणि दादांचें घड्याळ

आमच्या आजोबांच्या काळीं घरांतील कोणी समुद्र ओलांडला म्हणजे प्रायश्चित्ताची गोष्ट निघत असे. त्याच घरांतील सात माणसें गेल्या पौषांत सिंगापुरास जहाजावर चढलीं आणि बारा रात्री समुद्रावर काढून पुन्हां सिंगापुरास उतरलीं. थोरले बंधु दादा, वहिनी, आमचें कुटुंब, चिरंजीव, सूनबाई, अकरा वर्षांची नात आणि प्रस्तुत लेखक अशीं तीं सात. प्रायश्चित्त आम्हांसही घ्यावें लागलें. परंतु तें समुद्र ओलांडल्याबद्दल नव्हे, तर घड्याळाकडे नीट न पाहिल्याबद्दल. ती हकीकत पुढें येईलच. तत्पूर्वीं अशा प्रवासाची रीत थोडक्यांत सांगितली पाहिजे. कारण वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हल्लीं मुलें व सुना वडील माणसांस असल्या सफरीला नेण्याच्या गोष्टी बोलत असतात.

या प्रवासांत जहाज हेंच घर. तें रात्रीं चालतें आणि दिवसा एखाद्या बंदरांत उभें राहतें. सामान बांधावयाचें नाहीं, बिऱ्हाड हलवावयाचें नाहीं. सकाळीं डोळे उघडावे तों खिडकीबाहेर निराळाच देश. वृद्धांना याहून सोयीचा प्रवास सांपडणें कठीण. परंतु या सुखाला एक अट आहे. सकाळीं सात-आठला लागलेलें जहाज दुपारीं चार-पांचला सुटतें. उतरण्याच्या रांगा, परतीची घाई आणि जहाज सुटण्यापूर्वीं अर्धापाऊण तास आधीं चढण्याचा नियम हें सारें वजा जातां हातीं राहतात सहा तास. सहा तासांत एका देशाचें काय पाहावें? या प्रवासाची सारी कला या एका प्रश्नांत आहे.

आणखी एक गोष्ट. सफरीच्या पत्रकांत शहराचें नांव छापलेलें असतें. जहाज त्या शहरांत लागतेंच असें नाहीं. पत्रकांत बँकॉक असतें, आणि मोठीं जहाजें लागतात लायेम चबांग येथें; तेथून बँकॉक सुमारें सव्वाशें किलोमीटर. क्वालालंपूर म्हणतात तें क्लांग बंदर. तेथून राजधानी चाळीसएक किलोमीटरांवर. हो चि मिन्ह शहर पाहावयाचें तर फू मी बंदरांत उतरून दीड-दोन तास मोटारींत बसावें लागतें. उलट पिनांगास जहाजाची शिडी उतरली कीं आपण पायीं पायीं गांवांत. म्हणून घरूनच प्रत्येक बंदरापुढें धक्क्यापासूनचें अंतर लिहून घ्यावें. अंतर हें आधीं, स्थळ हें मागाहून.

मीं मात्र हें अगदीं उलट केलें होतें. सारा जन्म शाळेंत गेलेला. मजजवळ शंभर पानी वही होती आणि तींत प्रत्येक बंदराचें वेळापत्रक आंखलेलें होतें. थायलंडच्या फुकेत बेटापुढें तर अकरा स्थळें होतीं. चिरंजीवांनीं वही पाहून विचारलें, "अण्णा, एवढें एका दिवसांत?" मीं म्हटलें, "शाळेंत आठ तास होत, येथें अकरा होतील." हें उत्तर पुढें मला चांगलेंच भोंवलें.

फुकेतला आमचें जहाज धक्क्याला लागलें नाहीं. पातोंगच्या उपसागरांत त्यानें नांगर टाकला, आणि उतारूंना लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेऊं लागले. होडीची पाळी येईपर्यंत दीड तास गेला. तेव्हांच वहींतील निम्मीं स्थळें गाळावयास हवीं होतीं; मीं एकही गाळलें नाहीं. वाट चालोंग या प्रसिद्ध विहारांत वीस मिनिटें. जुन्या फुकेत गांवांतील व्यापाऱ्यांचीं रंगीबेरंगी घरें मोटारीच्या कांचेंतून. नातीनें कांहीं विचारलें कीं "मग सांगतों" म्हणावें आणि पुढचें स्थळ गांठावें. दादांचे गुडघे दुखत होते. ते कांहीं बोलले नाहींत.

बेटाच्या दक्षिण टोंकास एक भूशिर आहे. त्याचें नांव फ्रॉमथेप. हें नांव म्हणजे थाई जिभेवर वळलेला आपला 'ब्रह्मदेव'. तें कळल्यावर खरें म्हणजे तेथेंच बसून समुद्राकडे पाहावयाचें होतें. परंतु मीं सूनबाईंच्या मोबाइलवर वेळ पाहिली. अडीच वाजले होते, आणि जहाजाकडे जाणारी शेवटची होडी साडेचारची. मी म्हणालों, "अजून दोन तास आहेत. दोन स्थळें सहज होतील."

तोंच दादा म्हणाले, "अरे, माझ्या घड्याळांत साडेतीन झाले आहेत."

दादांच्या मनगटावर चावीचें जुनें घड्याळ असतें. आम्हां सर्वांस हसूं आलें. चिरंजीव म्हणाले, "काका, तुमचें घड्याळ सिंगापूरचें आहे. येथें एक तास मागें."

दादा शांतपणें म्हणाले, "होय. आणि जहाजाचें?"

क्षणभर कोणी बोललें नाहीं. थायलंडची वेळ सिंगापूरच्या मागें एक तास आहे, हें खरें. जमिनीवर येतांच मोबाइल आपण होऊन तेथली वेळ दाखवूं लागतो, हेंही खरें. परंतु जहाजानें आपलें घड्याळ बदललें नव्हतें, आणि तसें जहाजावरील रोजच्या पत्रिकेंत ठळक अक्षरांत छापलेलें होतें. ती पत्रिका माझ्याच खिशांत, वहीच्या खालीं, न वाचलेली पडली होती.

पुढचा एक तास मी जन्मांत विसरणार नाहीं. पातोंगकडे जातांना मध्यें डोंगर आहे आणि त्या रस्त्यावर संध्याकाळच्या सुमारास मोटारींची रीघ लागते. वहिनी रामरक्षा म्हणत होत्या. नात माझा हात घट्ट धरून बसली होती. किनाऱ्यावर पोंचलों तेव्हां शेवटच्या होडीचा दोर सोडीत होते. दादांना चिरंजीवांनीं व एका खलाशानें मिळून अक्षरशः उचलून होडींत बसविलें. त्यांचा चेहरा दुखण्यानें पांढरा पडला होता.

रात्रीं मीं त्यांच्या खोलींत जाऊन क्षमा मागितली. ते म्हणाले, "तूं शाळेंत एका तासाला किती धडे शिकवीत होतास?"

"एक."

"मग?"

मीं वही पेटींत टाकली. त्या दिवसापासून आमच्या सातजणांत घड्याळ एकच चाललें, दादांचें. आणि एका बंदरांत एकच स्थळ पाहावयाचें, असें ठरलें.

वाचकांच्या उपयोगाकरितां चार व्यवहाराच्या गोष्टी येथेंच सांगतों. जहाज सोडतांना त्याची वेळ स्वतःच्या डोळ्यांनीं पाहून घ्यावी आणि हातांतलें एक तरी घड्याळ तीवर ठेवावें. परतीची वेळ नेमलेल्या वेळेच्या निदान एक तास आधींची धरावी. दूर जावयाचें असल्यास दोन. जहाजातर्फे निघणाऱ्या सहलीला उशीर झाला तर जहाज बहुधा थांबतें. आपण होऊन गेलेल्या माणसाकरितां तें थांबत नाहीं. म्हणून जवळचें स्थळ आपलें आपण पाहावें, दूरच्या स्थळास जहाजाच्या सहलीबरोबर जावें. बंदरांतील जहाजाच्या प्रतिनिधीचा दूरध्वनि क्रमांक पत्रिकेवर असतो, तो व पारपत्राची प्रत जवळ असूं द्यावी. ताजीं फळें व शिजलेलें अन्न जहाजावरून खालीं नेऊं देत नाहींत; तेव्हां उपासतापास असणारांनीं बांधलेल्या कोरड्या खाऊची चौकशी आधींच करावी.

दुसऱ्या दिवशीं पिनांग. तेथील जॉर्ज टाउन शहरास मलाक्कासह २००८ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत घेतलें आहे. आम्हीं सारें शहर पाहिलें नाहीं; एक रस्ता पाहिला. कपितान केलिंग मशिदीचा तो रस्ता. त्यावर थोड्या थोड्या अंतरानें १८१८ सालचें इंग्रजांचें प्रार्थनामंदिर आहे, चिनी लोकांच्या करुणादेवीचें देऊळ आहे, १८३३ सालचें मारिअम्मन् देवीचें तमिळ देऊळ आहे आणि ती मशीदही आहे. दादांना जेथें बसावेंसें वाटलें तेथें आम्ही बसलों. वहिनींनीं एका तमिळ बाईकडून मोगऱ्याचे गजरे घेतले. दोघींपैकीं एकीलाही दुसरीची भाषा येत नव्हती, पण गजरा बांधून होईपर्यंत दोघींच्या सुनांविषयीं बोलणें झालें असें वहिनींचें म्हणणें. केळीच्या पानावर भात, सांबार व ताक मिळालें.

नातीनें विचारलें, "आजोबा, एकाच रस्त्यावर एवढ्या लोकांचे देव कसे?" आज "मग सांगतों" म्हणावयाचें नव्हतें. मीं तिला वाऱ्याची गोष्ट सांगितली. शिडाचीं जहाजें एका मोसमाच्या वाऱ्यानें येत आणि परतावयास उलट्या मोसमाची वाट पाहत. या सामुद्रधुनीच्या बंदरांत गुजराती, तमिळ, अरब, चिनी असे लोक महिनेच्या महिने एकमेकांच्या शेजारीं राहत. माणूस जेथें इतके दिवस राहतो तेथें त्याला आपला देव हवाच. पिनांगची वसाहत इंग्रजांनीं १७८६ सालीं केली, पण ही चाल तीहून फार जुनी. पिनांगच्या समोरच्या किनाऱ्यावर १८३४ सालीं जेम्स लो नांवाच्या अधिकाऱ्यास एक शिलालेख सांपडला. तो हल्लीं कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्यें आहे. सुमारें पांचव्या शतकांतला तो संस्कृत लेख. त्यांत रक्तमृत्तिका गांवच्या बुद्धगुप्त नांवाच्या महानाविकाचा उल्लेख आहे आणि यात्रा सर्व प्रकारें सिद्धीस जावी अशी इच्छा आहे. रक्तमृत्तिका म्हणजे बंगाल्यांतील मुर्शिदाबादजवळचें स्थान, असें पुष्कळ पंडित मानतात. त्या महानाविकाला येथें वाऱ्याची वाट पाहत बसावें लागलें असेल. आम्हांस मिळाले सहा तास. नात म्हणाली, "मग त्याला जास्त मजा आली असेल." मला उत्तर सुचलें नाहीं.

क्लांग बंदरावरून आम्ही फक्त बातूच्या गुहा पाहिल्या. तेथें मुरुगन् म्हणजे आपल्या कार्तिकेयाची ४२.७ मीटर उंचीची सोनेरी मूर्ति आहे आणि वर गुहेंत जावयास २७२ पायऱ्या. तरुण मंडळी चढून आली. आम्ही तिघे खालीं पारव्यांमध्यें बसलों. राजधानींतील गगनचुंबी मनोरे येतां-जातां दिसले तेवढे पुरे झाले.

यानंतर दोन दिवस नुसतें पाणी, आणि पुढें जावा बेटावरील सेमारांग. येथें आमच्या नव्या नियमाची खरी परीक्षा होती.

बोरोबुदूर हें नांव मीं प्रथम वाचलें तें सातवींत असतांना, दादांनीं रद्दीवाल्याकडून आणून दिलेल्या एका पुस्तकांत. त्यापुढच्याच वर्षीं वडील वारले. दादांनीं शिक्षण सोडून नोकरी धरली, म्हणून मी मॅट्रिक झालों आणि पाठशाळेंत संस्कृत शिकलों. बोरोबुदूर पाहावयाचें तर दोघांनीं मिळून, हें आमचें तेव्हांपासूनचें बोलणें. सेमारांगपासून तें सुमारें नव्वद किलोमीटर. जावयास अडीच-तीन तास, यावयास तितकेच, आणि तेथें उंच उंच दगडी पायऱ्या. फुकेतच्या त्या होडीनंतर दादांच्या गुडघ्यांना हें झेपणारें नव्हतें. आदल्या रात्रीं मीं सांगून टाकलें कीं मीही जाणार नाहीं.

दादा कांहीं वेळ समुद्राकडे पाहत राहिले. मग त्यांनीं मनगटावरचें घड्याळ काढलें आणि माझ्या हातावर ठेवलें. "सेमारांगची वेळही जहाजाच्या मागें एक तास आहे. हें घेऊन जा. आणि आल्यावर मला एकच गोष्ट सांग. दहा सांगूं नकोस."

चिरंजीव दादा-वहिनींजवळ राहिले; आम्ही चौघें जहाजाच्या सहलीबरोबर निघालों. आमची मार्गदर्शक एक जावानी मुलगी होती. माझा धंदा विचारून ती म्हणाली, "मग तुम्ही 'पाक गुरु'." इंडोनेशियांत शाळामास्तराला आजही गुरु म्हणतात. तेथली भाषा ती 'बहासा'. पति तो 'सुआमी', पत्नी ती 'इस्त्री'. उपास तो 'पुआसा', पाप तें 'दोसा'. वस्तूची किंमत ती 'हार्गा', म्हणजे आपला अर्घ. आणि हें बोलणारे बहुतेक लोक मुसलमान. शब्द धर्म बदलूनही घरांत राहिले आहेत. तीन तासांची वाट मला अर्ध्या तासाची वाटली.

बोरोबुदूर आठव्या-नवव्या शतकांत, शैलेंद्र राजांच्या काळीं बांधलेलें. खालीं चौकोनी सज्जे, वर तीन वर्तुळाकार पायऱ्या, त्यांवर ७२ जाळीदार स्तूप. सारें मिळून ५०४ बुद्धमूर्ति आणि कथा सांगणारे १४६० शिलापट. रानांत झांकलेलें हें स्थळ १८१४ सालीं रॅफल्सच्या प्रयत्नानें पुन्हां जगापुढें आलें, आणि मोठा जीर्णोद्धार १९८३ सालीं पुरा झाला. हल्लीं वर चढणारांची संख्या ठराविक असते व नोंदणी आधीं करावी लागते. दगड झिजूं नयेत म्हणून आपलीं पादत्राणें काढून तेथें विणलेल्या मऊ वहाणा देतात, आणि त्या मागाहून आपणांसच राहतात. त्या वहाणांचें नांव 'उपानत्'. वर्षानुवर्षें मीं मुलांकडून उपानह् शब्द चालवून घेतला होता. उपानत् हें त्याचें प्रथमेचें एकवचन. तो शब्द आज जन्मांत प्रथमच मीं पायांत घातला.

दीड तास हातीं होता. १४६० पट पाहावयास दीड महिना पुरणार नाहीं. मीं त्या मुलीला म्हटलें, "मला एकच दाखव. जहाज." तिनें पहिल्या सज्जांतील तो पट दाखविला. शिडें फुगलेलीं, बाजूला तोल सांभाळणाऱ्या लांब दांड्या, दोरांना लोंबकळणारे खलाशी. याच आकृतीवरून बांधलेलें 'समुद्ररक्षा' नांवाचें जहाज २००३-०४ सालीं इंडोनेशियांतून थेट आफ्रिकेंतील घानापर्यंत गेलें. तें आतां येथेंच संग्रहालयांत आहे. बाकीची मंडळी वर स्तूपांकडे गेली. मी अर्धा तास त्या एका दगडापुढें उभा राहिलों. आंखूड दोर धरलेला एक खलाशी दुसऱ्याला कांहीं ओरडून सांगत आहे, आणि दुसरा ऐकत नाहीं, एवढेंही त्यांत दिसतें. दादांच्या घड्याळांत निघावयाची वेळ झाली तेव्हां मीं वर नजर टाकली. स्तूपांच्या रांगा दुरून दिसल्या. वाईट वाटलें नाहीं, असें म्हणणार नाहीं. परंतु घाई मात्र वाटली नाहीं.

संध्याकाळीं दादा डेकवर बसले होते. मीं कांहीं सांगण्याआधीं तेच सांगूं लागले. सकाळीं मोटार करून ते साम पू कोंग या देवळांत गेले होते. पंधराव्या शतकांतील चिनी दर्यासारंग झंग ह याच्या आठवणीचें तें देऊळ. तो स्वतः मुसलमान, आणि चिनी लोक त्याला देवाप्रमाणें मानतात. नंतर जुन्या डच वस्तींत १७५३ सालच्या गोल घुमटाच्या प्रार्थनामंदिरासमोर ते एका बाकावर बसले. शाळेचीं मुलें इंग्रजीचा सराव करण्यासाठीं पाहुण्यांना गांठीत हिंडत होतीं. त्यांनीं दादांना वय, गांव, नातवंडें, आवडता खेळ असे वीस प्रश्न विचारून उत्तरें वहींत लिहून घेतलीं. वहिनींनीं त्यांना राजगिऱ्याच्या वड्या दिल्या. एका मुलीनें दादांना विचारलें, "तुमचा भाऊ कोठें आहे?" दादा म्हणाले, "माझ्या वतीनें बोरोबुदूर पाहतो आहे."

मग मीं जहाजाची गोष्ट सांगितली, ती एकच. दोर, शीड, न ऐकणारा खलाशी. दादांनीं दोनदां सांगावयास लावली. शेवटीं मीं त्या उपानत् त्यांच्यापुढें ठेवल्या. त्यांनीं पायांत घालून पाहिल्या आणि हसून म्हणाले, "भरतानें पादुका नेल्या होत्या. तूं आणल्यास." मीं घड्याळ परत दिलें. त्यांनीं त्याला चावी दिली.

शेवटचें बंदर बालींतलें बेनोआ. तेथून देनपसार शहर जवळ, आणि बालीची वेळ सिंगापूरचीच. तेव्हां सारीं घड्याळें जुळलीं. सातही जणांनीं कमरेला वस्त्र गुंडाळून पुरा जगत्नाथ या देवळांत एक सकाळ घालविली. मधोमध पांढऱ्या प्रवाळाचें उंच पद्मासन आहे; त्यावर मूर्ति नाहीं, आसन रिकामें. येथील हिंदू त्रिसंध्या करतात आणि तिचा आरंभ गायत्रीनें होतो. त्यांचें वर्षही शकाचें. त्यांचा वर्षारंभ 'न्येपी' मौनांत पाळतात. त्या दिवशीं दिवे, रहदारी, विमानतळ, बंदर सारें बंद. २०२३ सालीं तो २२ मार्चला, आपल्या गुढीपाडव्याच्याच दिवशीं आला होता. बेत आंखतांना हा दिवस पाहून ठेवावा. ताटव्यांत फुलें घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या बाईनें दादांच्या शेजारीं बसकण मारली. दोघेंही बराच वेळ त्या रिकाम्या आसनाकडे पाहत बसलीं. कोणी उठा म्हटलें नाहीं, कारण पुढें कोठें जावयाचेंच नव्हतें.

परत आल्यावर स्नेही विचारतात, "काय काय पाहिलेंत?" मी सांगतों: एक रस्ता, एका गुहेच्या पायऱ्या, एक दगडी जहाज, एक रिकामें आसन. ऐकणारांना हें थोडें वाटतें. फुकेतची चार स्थळें मी मोजीत नाहीं, कारण तीं मला आठवत नाहींत. तेथलें आठवतें तें एवढेंच, कीं दादांचे गुडघे दुखत होते आणि मीं विचारलें नव्हतें. ज्यांना वडील माणसांसह या बंदरांस जावयाचें असेल, त्यांनीं स्थळांची यादी करण्यापूर्वीं बरोबरच्या माणसांची यादी करावी, त्यांत सर्वांत सावकाश चालणारें कोण हें पाहावें, आणि घड्याळ त्याच्या हातीं द्यावें.